पुरणपोळीचा अंगठा आणि देशांवरचं कोर्ट

मी आंतरराष्ट्रीय न्यायालयात खटला लढवून जिंकलेला माणूस आहे. हे मी ऑफिसात सांगितलं आहे, जिममध्ये सांगितलं आहे, दातांच्या डॉक्टरला तोंडात नळी असताना सांगितलं आहे, आणि पेट्रोल भरून देणाऱ्या माणसाला टाकी भरेपर्यंत सांगितलं आहे. बायको म्हणते, ते न्यायालय नव्हतं, झूम कॉल होता. असेल. पण त्या कॉलवर दोन देश होते, तीन न्यायाधीश होते आणि एक आरोपी असा होता की ज्याच्याशी मी अकरा वर्षं एकाच गाडीतून ऑफिसला गेलो. याहून मोठं न्यायालय मला तरी माहीत नाही.

आमचं मराठी मंडळ अमेरिकेतल्या पार्सिपनी गावचं. त्याची घटना बावीस पानांची आहे. संस्थापक सगळे इंजिनिअर असल्यामुळे तिच्यात दोन फ्लोचार्टसुद्धा आहेत. त्या घटनेनुसार मंडळात तीन जणांची एक निर्णय समिती असते. भांडणं ऐकायची, निवडणूक घ्यायची, आणि वेळ आली तर अध्यक्षांनाही नाही म्हणायचं, एवढंच तिचं काम. समितीतले तिघंही साठीच्या पुढचे होते, कारण साठीच्या आतली जनता शनिवार-रविवार मुलांना सॉकरला सोडण्यात आणि आणण्यात संपते.

समितीच्या प्रमुख होत्या काकू. त्यांना सगळे काकूच म्हणतात, त्यांच्याहून मोठे आहेत तेसुद्धा. काकूंचं आयुष्य औषधांच्या कंपनीत गुणवत्ता तपासण्यात गेलं. त्यांनी लाल पेनाने फुली मारली की औषधांनी भरलेलं जहाज अटलांटिकच्या मधोमध वळून परत जायचं, असं मी ऐकून आहे. ऐकलं मी माझ्याच तोंडून, पण बऱ्याच वेळा.

आणि अध्यक्ष म्हणजे माझा मित्र. आधीच सांगतो, माणूस वाईट नाही. खुर्च्या मांडायला पहिला, उचलायला शेवटचा. दोष एकच, भाषण. त्याचं संक्रांतीचं भाषण सुरू झालं तेव्हा पार्किंग लॉटमध्ये गुडघाभर बर्फ होता, संपलं तेव्हा ट्यूलिप आले होते. त्याची दोन वर्षांची मुदत डिसेंबरात संपली, आणि घटनेप्रमाणे त्याला लगेच पुन्हा उभं राहता येत नव्हतं. पण उन्हाळ्यात महासंघाचं अधिवेशन होतं. अमेरिका आणि कॅनडातली पुष्कळ मंडळं ज्या महासंघात आहेत, तोच हा महासंघ. अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी प्रत्येक मंडळाचा अध्यक्ष फेटा बांधून स्टेजवर बसतो. आमच्या अध्यक्षाने पुण्याहून फेटा मागवून ठेवला होता. त्यामुळे त्याने जाहीर केलं की कामाच्या सोयीसाठी निवडणूक अधिवेशनानंतर घेऊ.

मी निर्णय समितीकडे तक्रार केली. तत्त्व म्हणून केली. आणि फेटा मलाही शोभतो, हेही एक कारण होतं. ते मी तक्रारीत लिहिलं नाही.

काकूंनी आम्हा दोघांना घरी बोलावलं, पोहे दिले, दोघांचं ऐकून घेतलं आणि चार ओळींचा निकाल दिला. मुदत संपली आहे, साठ दिवसांत निवडणूक घ्या. अध्यक्षाने दुसऱ्यांदा पोहे घेतले आणि बरं म्हणाला. मला वाटलं, मिटलं.

आठवड्याने मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज आला. आमचा पाडवा हा पंचांगाप्रमाणे नसतो, शाळेचा हॉल मिळेल त्या शनिवारी असतो, आणि पुरणपोळ्यांची ऑर्डर दीड महिना आधी द्यावी लागते. पहिल्या परिच्छेदात थंडीबद्दल काळजी होती. दुसऱ्यात पुरणपोळ्या होत्या, कोणाला किती हव्यात ते सोबतच्या यादीत भरा. तिसऱ्यात लिहिलं होतं की नव्या पिढीला वाव मिळावा म्हणून निर्णय समितीच्या सदस्यांना साठ वर्षांची कमाल वयोमर्यादा तत्काळ लागू करण्याची घटनादुरुस्ती मांडण्यात येत आहे. आणि शेवटी, सहमत असल्यास अंगठा द्यावा.

आता आमच्या ग्रुपची रीत सांगतो. आधी अंगठा, मग वाचन, आणि वाचन बहुतेक वेळा राहूनच जातं. बारसं असो, बर्फामुळे शाळा बंद असो, कोणाचे वडील गेलेले असोत, अंगठा पडतो. तो सहमतीचा नसतो. तो 'मी जिवंत आहे, मीटिंगमध्ये आहे' एवढंच सांगतो. त्या दिवशी अंगठ्यांची अशी झड लागली की फोन टेबलावरून सरकत सरकत खाली पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी घोषणा आली. घटनादुरुस्ती प्रचंड बहुमताने मंजूर, माजी समितीचे मनःपूर्वक आभार, नवी समिती नेमली आहे आणि ती निवडणुकीच्या निर्णयाचा पुनर्विचार करेल. नव्या समितीतले तिघंही अध्यक्षाच्या ढोलपथकातले होते.

मी काकूंकडे गेलो. त्या समितीच्या फायली एका खोक्यात भरत होत्या, प्रत्येकीवर वर्षाची चिठ्ठी. मी तावातावाने बोलत होतो, त्या चिठ्ठ्या चिकटवत होत्या. मग त्यांनी टेप खाली ठेवली.

"मला खुर्ची नको आहे रे. सहासष्ट झाले, घरी बसले तर गुडघेच आभार मानतील. पण मी निकाल दिला म्हणून गेले, हे पुढच्या माणसाने पाहिलंय. तो निकाल देताना आधी या खोक्याकडे बघेल."

मी घरी आलो तो पेटलेला. काकूंना त्या खुर्चीवर परत बसवायचंच, आणि निवडणूक व्हायचीच, असं मी स्वयंपाकघरात जाहीर केलं. बायको कोथिंबीर निवडत होती. माझ्या बायकोबद्दल एक गोष्ट लोकांना माहीत नसते. तिने पुण्यात आंतरराष्ट्रीय कायद्यात एलएलएम केलं आणि मग माझ्यामागे डिपेंडंट व्हिसावर इथे आली. कितीतरी वर्षं तिला काम करायची परवानगी नव्हती. सगळा कायदा बॅगेत पडून राहिला. आता ती ज्या कंपनीत कम्प्लायन्स, म्हणजे कायद्याचे नियम पाळले जातात का ते, बघते तिच्या शाखा युरोपात आहेत, त्यामुळे बॅग परत उघडली आहे.

तिने मेसेज वाचला, तिसरा परिच्छेद दोनदा वाचला आणि म्हणाली, हे घडून गेलंय. युरोपात. फक्त पुरणपोळी नव्हती.

मग कोथिंबिरीची जुडी संपेपर्यंत तिने मला ते सांगितलं. तिथल्या एका देशात सरकारला सर्वोच्च न्यायालयातले न्यायाधीश अडचणीचे वाटायला लागले. त्यांना हाकलता येत नव्हतं, म्हणून निवृत्तीचं वयच खाली आणलं, आणि तेही खुर्चीत बसलेल्यांना लागू केलं. त्या देशात दाद मागायची कोणाकडे, कारण दाद मागायच्या जागीच हात घातलेला. पण तो देश युरोपच्या संघात होता, आणि संघाचं स्वतःचं न्यायालय आहे, सगळ्या सदस्य देशांच्या वरचं. त्या न्यायालयाने आधी सांगितलं की प्रकरण ऐकून होईपर्यंत न्यायाधीशांना जागेवर ठेवा. आणि पुढे निकाल दिला की हे चालणार नाही.

मी विचारलं, दुसऱ्याच्या घरात बोलायचा त्यांना काय अधिकार. हा प्रश्न अध्यक्ष विचारणार होता, म्हणून मी सराव करून घेतला.

ती म्हणाली, घर त्यांचंच, पण संघाचा कायदा रोजच्या रोज लावतं कोण? त्या त्या देशातलंच कोर्ट. ते न्यायाधीश सरकारला घाबरून बसले तर संघाचा कायदा कागदावरच राहतो. आणि कोणी जबरदस्तीने आत घेतलं नव्हतं, प्रत्येक देशाने स्वतः सही केली होती. मी विचारलं, मग आपल्यासाठी असं काही? ती हसली. या अमेरिका खंडातसुद्धा देशांच्या वरचं एक मानवाधिकारांचं कोर्ट आहे, त्याने काढून टाकलेले न्यायाधीश परत घ्यायला लावलेत. पण आपण राहतो तो देश त्याच्यापुढे उभा राहत नाही. दुसऱ्यांनी राहावं असं त्याचं मत आहे.

"तुझ्या मंडळाचं सांग. तुमच्या वर कोण आहे?"

बावीस पानांतलं एकोणिसावं पान आजवर संस्थापकांनीही वाचलेलं नसावं. तिने वाचलं. आमच्या मंडळाने महासंघाची सनद मान्य करून सही केलेली होती. सनदेत लिहिलं होतं की प्रत्येक सदस्य मंडळात कार्यकारिणीच्या दबावाबाहेरची निर्णय समिती असेल, कारण महासंघाकडे पाठवायच्या प्रतिनिधींबद्दलचे वादही आधी तीच ऐकते. आणि वर एक अपील समिती. तिच्यात कॅनडाही होता. म्हणजे माझ्या दृष्टीने ते अक्षरशः देशांवरचं कोर्ट झालं, आणि मी तेव्हापासून त्याला तसंच म्हणतो.

अपील बायकोने लिहिलं, सही मी केली. चार दिवसांत अंतरिम आदेश आला. सुनावणी होईपर्यंत जुनी समिती कायम, नव्या समितीने काही करू नये.

अध्यक्ष उसळला. ग्रुपवर त्याने लिहिलं की टेक्सासमध्ये बसून पार्सिपनीला शिकवणारे हे कोण, आमचं मंडळ सार्वभौम आहे. त्यालाही भराभर अंगठे पडले. मला फोन करून म्हणाला, "घरचं भांडण बाहेर नेलंस यार." मी म्हटलं, घरातल्या न्यायाधीशाला तू बाहेर काढलंस, मी नुसता तिच्या मागे गेलो. हे वाक्य मला त्या क्षणी सुचलं असं मी सांगतो. खरं तर दोन दिवसांनी सुचलं आणि मी परत फोन लावला.

सुनावणी शनिवारी सकाळी अकराला. मी कोट घातला, टाय लावला; खाली पायजमा होता, पण इस्त्रीचा. अपील समितीच्या प्रमुख टेक्सासमधल्या प्लेनोच्या एक मावशी होत्या, निवृत्त भूलतज्ज्ञ. समोरच्याला न दुखवता आडवं करायची त्यांना आयुष्यभराची सवय. दुसरे सदस्य हर्नडनचे, सॉफ्टवेअरमधले, लॉग बघितल्याशिवाय पावसावरही विश्वास न ठेवणारे. तिसरे टोरंटोचे. ते पूर्णवेळ म्यूटवर होते. कॅनडाचं प्रतिनिधित्व म्हणजे एक हलणारी मान.

अध्यक्षाने बाजू चांगली मांडली, हे मान्य करायला हवं. मंडळ लोकांचं आहे, लोकांनी बहुमताने ठरवलं, त्यात वरच्यांनी नाक खुपसू नये. मग त्याने स्क्रीन शेअर केली. अंगठ्यांची यादी. हळूहळू खाली सरकत गेला, थांबला, आणि झूम करून माझं नाव मोठं केलं.

"अर्जदाराने स्वतः सहमती दिली आहे. सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी."

हे मी बायकोला सांगितलं नव्हतं. ती माझ्या शेजारी बसली होती. तिने खुर्ची मागे सरकवली, कॅमेऱ्यातून बाहेर जाईपर्यंत. खरं सांगायचं तर त्या वेळी कॉल कट करून इंटरनेट गेलं म्हणायचं माझ्या मनात आलं. बोट तिथपर्यंत गेलंही. पण मग काकूंचं खोकं आठवलं, आणि मी बोट मागे घेतलं.

मावशींनी विचारलं, हा अंगठा तुमचा का. मी हो म्हटलं. वाचून दिला होता का.

"नाही मावशी. मी पुरणपोळ्यांना हो म्हटलं. दोन डझन. तिसरा परिच्छेद मी वाचला तेव्हा काकू समितीतून गेलेल्या होत्या."

कोणी हसलं नाही. फक्त टोरंटोची मान थांबली. हर्नडनच्या काकांनी अध्यक्षाकडे पुरणपोळ्यांच्या ऑर्डरची यादी मागितली. दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवून त्यांनी सगळ्यांसमोर जुळवायला घेतल्या. ज्यांनी पोळ्या मागवल्या त्यांचेच अंगठे, जवळजवळ ओळीने. ज्यांना साखरेचा त्रास आहे आणि ज्यांनी पोळ्या मागवल्या नाहीत, त्यांच्यापैकी एकाचाही अंगठा नव्हता. माझ्या आयुष्यातली सगळ्यात लाजिरवाणी कबुली हा माझ्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा निघाला. बायको खुर्ची पुढे सरकवून परत कॅमेऱ्यात आली.

मग मावशींनी विचारलं, साठच का? अध्यक्ष म्हणाला, नवं रक्त हवं. कार्यकारिणीला वयाची अट आहे का, असं त्यांनी विचारलं. नाही. तुमचं वय? अठ्ठावन्न.

"म्हणजे ताजं रक्त फक्त निकाल देणाऱ्यांनाच लागतं. आणि ही कल्पना तुम्हाला काकूंच्या निकालाच्या आधी सुचली, की नंतर?"

अध्यक्ष सहज खोटं बोलू शकला असता, तपासणारं कोणी नव्हतं. अकरा वर्षं एका गाडीत बसल्यामुळे मला माहीत होतं की तो खोटं बोलणार नाही.

"नंतर," तो म्हणाला.

निकाल दहा दिवसांनी आला, तीन पानांचा. वयोमर्यादा हवी तर मंडळाने जरूर आणावी, पण रीतसर सूचना देऊन, सर्वसाधारण सभेत, आणि पुढे येणाऱ्यांसाठी. खुर्चीत बसलेल्यांना मध्येच उठवण्यासाठी नाही. आपली घटना बदलणं हा मंडळाचा हक्क आहे, पण निकाल आवडला नाही म्हणून निकाल देणाऱ्याला बदलणं हा त्या हक्काचा भाग नाही. काकू आणि बाकीचे दोघं मुदत पूर्ण होईपर्यंत कायम. साठ दिवस आता या निकालापासून मोजायचे.

मी पेढे आणले. अध्यक्षाने निकाल ग्रुपवर टाकलाच नाही. दिवस गेले, निवडणुकीचं नाव नाही. मी बायकोला म्हटलं, हे कसलं देशांवरचं कोर्ट, त्याच्याकडे साधा एक पोलीसही नाही. ती म्हणाली, युरोपातल्या कोर्टाकडेही फौज नाही. ते फार तर दंड लावतं. कागद वरून येतो, तो धरून उभं राहायचं काम खालच्यांचं असतं.

तर मी उभा राहिलो. पाडव्याच्या कार्यक्रमाला, शाळेच्या हॉलच्या दाराबाहेर, निकालाच्या प्रती घेऊन. एप्रिलचा वारा असा होता की दोन बायकांच्या नथी उडाल्या आणि एक रांगोळी न्यूयॉर्कला पोचली. मी तीन तास उभा होतो. बायकोच्या मते चाळीस मिनिटं. आत जाणाऱ्या प्रत्येकाला मी एक प्रत दिली आणि एकच विचारलं. उद्या तुमचं मंडळाशी भांडण झालं, तर ते घाबरलेल्या माणसाने ऐकावं असं वाटतं का? काही जण चिडले, काहींनी कार्यक्रमाच्या दिवशी हे कशाला म्हणून सुनावलं. मी हललो नाही. मग एक गृहस्थ तिथेच थांबून वाचायला लागले, लाजले, मी तर पोळ्यांसाठी दिला होता म्हणाले, आणि फोन काढून त्या जुन्या मेसेजवरचा आपला अंगठा मागे घेतला. त्यांच्या मागच्या बाईंनीही घेतला. आत स्टेजवर अध्यक्षाच्या हातात फोन होता. त्या मेसेजखालचा आकडा एकेक करून उतरताना त्याला दिसत होता.

मध्यंतरात तो बाहेर आला. कोट न घालता. माझ्या हातातली एक प्रत घेतली आणि भिंतीच्या आडोशाला उभं राहून तिन्ही पानं वाचली, बहुधा पहिल्यांदाच.

"काकूंना मी फोन करतो," म्हणाला. आणि केला, तिथेच, कुडकुडत.

निवडणूक जाहीर झाली. अर्ज द्यायची मुदत रविवारी दुपारी बारा, काकूंच्या घरी. मी उभा राहणार हे सांगायलाच नको. सकाळी अर्ज भरला, वाटेत रूट शेहेचाळीसवरच्या किराणा दुकानात दूध घ्यायला थांबलो, तिथे दोन जणांनी खटल्याचं विचारलं, आणि मी टोरंटोच्या मानेपर्यंत येतोय तोवर घड्याळ पुढे गेलं होतं. काकूंच्या दारात पोचलो तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती.

काकूंनी अर्ज घेतला, घड्याळ बघितलं आणि वर वेळ लिहिली. मी सांगायला सुरुवात केली. वीस मिनिटांनी काय फरक पडतो, दुसरा एकच अर्ज आलाय, आणि काकू, तुमची खुर्ची परत आणली कोणी?

"तू आणलीस. मी विसरणार नाही." त्यांनी लाल पेन उघडलं. "अर्ज उशिरा आला. नामंजूर."

त्याची एक प्रत काढून त्यांनी मला दिली, फाईलसाठी एक ठेवली.

संध्याकाळी अध्यक्षाचा फोन आला. इतका आनंदी तो मला फेटा आला त्या दिवशीही वाटला नव्हता. म्हणाला, वीस मिनिटांवरून काय नामंजूर करतात यार, वर अपील कर, मी साक्ष देतो, हवं तर मी लिहून देतो. बायको समोर लॅपटॉपवर होती. मान वर न करता म्हणाली, अपील केलंस तर काकूंची बाजू मी मांडणार.

मी मिनिटभर विचार केला. माझ्यासाठी मिनिट म्हणजे फार झालं.

"नाही करत," मी त्याला म्हटलं. "निकाल बरोबर आहे."

त्याने मला ते परत म्हणायला लावलं. मी म्हटलं.

दोन रविवारांनी मतदान झालं. उमेदवार एकच होत्या, दातांच्या डॉक्टर, ज्यांना मी तोंडात नळी असताना खटला ऐकवला होता त्याच. एकच उमेदवार असला तरी आमच्या घटनेत मतदान घ्यावंच लागतं. मी रांगेत उभा राहिलो. टेबलामागे काकू बसल्या होत्या. त्यांनी माझं ओळखपत्र मागितलं, फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा फोटो बघितला, आणि मग मतपत्रिका दिली.